मराठवाड्यात फिरतीवर असताना चांगलं खायला-प्यायला कुठं मिळेल आणि ते शोधायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून मराठवाड्यात फिरतीची नोकरी लागली आहे, आठही जिल्ह्यांत जावं लागणार आहे, आणि मोबाइलवर शोधलं की हायवेवरचे ढाबे नाहीतर तीच ती पनीरची हॉटेलं दिसतात. मग इथलं चांगलं खाणं सापडायचं कसं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी लातूरची. सहकारी संस्थांच्या हिशेबतपासणीच्या कामामुळे माझं दुपारचं जेवण बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्यातरी तालुक्याच्या गावी होतं, म्हणून सविस्तर लिहिते. आधी थोडक्यात सांगायचं तर कोणत्याही गावात पोचलात की मोंढा कुठंय ते विचारा आणि घड्याळाकडे बघून जेवा. मोबाइलवरचे तारे इकडं फारसे कामाचे नाहीत. तारे देणारा माणूस बहुधा एकदाच आलेला असतो. गाडी लावायला जागा होती का, एसी होता का, हे बघून तो गुण देतो. ज्या खानावळीत तीच चाळीस-पन्नास माणसं रोज जेवतात, तिथलं कुणी मोबाइलवर काही लिहायला जात नाही. जेवण बिघडलं तर ती माणसं दुसऱ्या दिवशी शेजारच्या खानावळीत जातात, आणि मालकाला ते बरोबर कळतं.

मोंढा म्हणजे इकडची धान्याची बाजारपेठ. आडत दुकानं, गोदामं, ट्रकांची रांग. लातूर, जालना, नांदेड, परभणी, हिंगोली, कुठंही जा, मोंढ्याच्या आसपास दोन-चार खानावळी असतातच. तिथं हमाल, मापाडी, मुनीम, ट्रकचे ड्रायव्हर आणि माल घेऊन आलेले शेतकरी जेवतात. दिवसभर पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला पाणचट वरण आणि सकाळची भाकरी देऊन चालत नाही. म्हणून तिथं रस्सा दाट असतो, ताट भरलेलं असतं आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीन यायला लागलं की आणि पुढं तुरीच्या हंगामात या खानावळी सगळ्यात जोरात चालतात. जेवायला साडेबारा ते दोनच्या मध्ये जा. अडीचनंतर गेलात तर उरलेलं मिळेल. मोंढ्याला सुट्टी असेल त्या दिवशी जाऊच नका.

विचारायचं कसं, हेही महत्त्वाचं आहे. ‘इथं चांगलं हॉटेल कुठंय?’ असं विचारलंत तर लोक तुम्हाला पाहुणा समजून गावातल्या सगळ्यात महागड्या हॉटेलात पाठवतील. त्यांचा हेतू चांगलाच असतो, पण तुमचं काम होत नाही. त्याऐवजी ‘तुम्ही दुपारी कुठं जेवता?’ असं विचारा. ‘घरून डबा आणतो’ म्हणाले, तर ‘डबा नसला की कुठं?’ असं विचारा. या दुसऱ्या प्रश्नाला जे उत्तर मिळतं ते मी आजवर डोळे झाकून मानत आले आहे. विचारायला आडतीवरचा मुनीम, औषधाच्या दुकानातला माणूस किंवा बँकेतला शिपाई ही उत्तम माणसं. बसस्टँडवरचे रिक्षावाले बऱ्याचदा ठरलेल्या लॉजपाशी आणि ठरलेल्या हॉटेलपाशीच सोडतात.

आत गेल्यावर सगळ्यात आधी भाकरीकडे बघा. भाकरी थापणारी बाई समोर बसलेली दिसली पाहिजे. ज्वारीचं पीठ ताजं असेल तर त्याला विरी, म्हणजे चिकटपणा, असते. बाई काटवटीत तळहातानं गोळा पुढं रेटून मळते, मग भाकरी गोल गोल फिरवत थापत नेते, आणि कड कुठंही चिरत नाही. पीठ जुनं असलं की विरी जाते, कडा फाटतात, मग गरम पाणी घालून कशीबशी थापावी लागते आणि ती भाकरी दहा मिनिटांत कडक होते. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवतात, उलटतात आणि मग विस्तवावर धरतात. चांगली भाकरी तिथं टम्म फुगते आणि तिचा पापुद्रा सुटतो. तो पापुद्रा बोटानं उचलून आत वाफ दिसली की बाकीचं जेवण बहुतेक चांगलंच असतं. ज्या खानावळीनं ज्वारी रोज दळून आणायची तसदी घेतली आहे, तिथं शिळी भाजी सहसा नसते. ‘चपाती का भाकरी?’ असं विचारलं तर भाकरीच सांगा. बरोबर बेसन (पुण्याकडं त्याला पिठलं म्हणतात), काळ्या तिखटातली वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि फोडलेला कांदा असेल, तर त्या दिवशी आणखी काही शोधायची गरज नाही.

आता गावनिहाय सांगते. सगळ्या गावांबद्दल सारखंच सांगण्यासारखं माझ्याकडं नाही.

छत्रपती संभाजीनगरात तुम्ही मांसाहार करत असाल तर नान-खलिया चुकवू नका. महंमद तुघलकानं 1327 च्या सुमारास दिल्लीहून राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली, त्या वेळी मोठ्या फौजेला एकाच वेळी जेवू घालायला हा पदार्थ निघाला असं सांगतात. कथा किती खरी ते सोडा, पण पदार्थाची घडण मात्र खरंच हजारो माणसांच्या पंगतीला शोभेल अशी आहे. भट्टीतल्या जाड, मऊ, वरून पिवळट चकाकणाऱ्या नान आणि मोठ्या देगेत शिजवलेला मटणाचा पातळ रस्सा, म्हणजे खलिया. वर तर्री तरंगते. नान तोडून त्यात बुडवायची आणि थोडी भिजू द्यायची, लगेच खायची नाही. ती फार जाड असते, रस्सा आतपर्यंत जायला वेळ लागतो. जुन्या शहरात, सिटी चौक, शहागंज, बुढ्ढी लेन, रोशन गेट या भागांत फिरलात तर देग आणि भट्टी दोन्ही दारातच दिसतील. दुपारी लवकर जा. देग उतरली की दुकान संपलं. देग संपल्यावर कुठल्या तरी फ्रिजमधला खलिया गरम करून देणारी ठिकाणंही आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. या भागात पहाटे उठायची तयारी असेल तर नहारी (रात्रभर मंद शिजवलेलं मटण) आणि पाया मिळतो, पण सकाळी नऊला पोचलात तर भांडी घासताना दिसतील. तहारीसुद्धा मागून बघा, मसाल्यात मटण घालून केलेला पिवळा भात असतो.

शाकाहारी असाल तर याच शहरात औरंगपुरा आणि त्याच्या आसपास स्पर्धा परीक्षांच्या मुलांच्या मेस आहेत. तिथं महिन्याचे पैसे भरून मुलं जेवतात, पण एका वेळचं ताटही देतात. मुलं महिन्याच्या शेवटी मेस बदलतात, म्हणून महिनाअखेरीला ज्या मेसमध्ये गर्दी कायम आहे ती निवडा. गुलमंडीवर संध्याकाळी गरम इमरती आणि कचोरी खायला माणसं उभी असतात, तिथं थांबायला हरकत नाही. जेवणानंतर उस्मानपुऱ्यात तारा पान सेंटर आहे. पान खाणारे असाल तर एकदा जाच, नाव मोठं आहे आणि ते उगाच झालेलं नाही.

नांदेडला गेलात की आधी तख्त सचखंड हजूर साहिबला जा. गुरू गोविंदसिंगांचं 1708 मध्ये इथंच देहावसान झालं, आणि शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. लंगरात जेवायला कुणालाही मज्जाव नाही, ओळखपत्र लागत नाही, पैसे मागत नाहीत. डोकं रुमालानं झाका, चप्पल बाहेर ठेवा, पंगतीत खाली बसा आणि रोटी दोन्ही हात पुढं करून घ्या. ताटात टाकून उठू नका. फिरतीवरच्या माणसाला रात्री उशिरा गावात पोचल्यावर स्वच्छ, गरम, साधं जेवण मिळणं याची किंमत मला चांगली माहीत आहे, म्हणून मी नांदेडचा मुक्काम कधी टाळत नाही. जेवून झाल्यावर थोडा वेळ भांडी घासायला किंवा रोट्या लाटायला बसता आलं तर बसा. सेवेला तिथं कुणालाही जागा देतात. गुरुद्वाऱ्याच्या आसपास पंजाबी पद्धतीची दाट लस्सी मिळते, ती दुपारी प्या.

नांदेड 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, मराठवाडा सगळाच होता, पण खाण्यात हैदराबाद नांदेडात जास्त जाणवतं. बिर्याणी, इराणी चहा, चहात बुडवायची उस्मानिया बिस्किटं. बिर्याणी घेताना मात्र दुपारचीच घ्या आणि हंडी तुमच्या समोर फोडली जात असेल तिथंच घ्या. संध्याकाळी तोच भात कोरडा पडतो.

लातूर आणि धाराशिव ही माझी स्वतःची मुलखं, त्यामुळे इथं जरा जास्त लिहिणार. सकाळी लातुरात सुशीला मागा. मुरमुरे भिजवून पिळून घेतात, मग कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता यांची फोडणी, आणि वर डाळव्याचं कूट. पोह्यांपेक्षा हलकी असते आणि सकाळी पहिल्या घाण्यातलीच चांगली लागते. ठेवली की मुरमुरे गोळा होतात. नाश्त्याच्या गाड्यावर ‘आत्ता करता का?’ एवढं विचारा. निलंगा राईस हा मसालेदार भात निलंग्याचा, पण आता लातुरात चौकाचौकांत गाडे आहेत. मी तो निलंग्यातच खा म्हणेन, निदान एकदा. लातूरच्या ट्यूशन एरियात बाहेरगावची मुलं शिकायला येतात, आणि त्यांच्या पालकांना मुलांच्या पोटाची काळजी असते, म्हणून तिथल्या मेस सांभाळून स्वयंपाक करतात. तिखट सोसत नसेल तर तिथं जेवा.

लातूरहून औशामार्गे तुळजापूरकडं जाताना उजनी लागतं. सोलापूरकडच्या उजनी धरणाशी या गावाचा संबंध नाही, औसा तालुक्यातली ही उजनी. इथली बासुंदी प्रसिद्ध आहे. दूध आटवून आटवून ती गुलबट झालेली असते, आणि साखर बेताची. थंड करून देतात. गाडी थांबवाच. धाराशिव जिल्ह्यात भूम तालुक्यातला कुंथलगिरीचा भाग खव्यासाठी ओळखला जातो, तिकडून जाणं झालं तर पेढे घरी न्या. पेढा बोटात दाबून बघा: ताज्या खव्याचा पेढा दाबला जातो आणि तसाच राहतो, शिळा असेल तर भुगा होतो.

मटण खायचं असेल तर धाराशिव जिल्हा. उस्मानाबादी शेळी ही देशभर नावाजलेली जात, काळी, काटक, रानात चरणारी, आणि तिचं मटण चवीचं. कंदुरी हा शब्द पाटीवर दिसला तर थांबा. नवस फेडायला बोकड कापून सगळ्या गावाला जेवू घालायची इकडची जुनी रीत म्हणजे कंदुरी. त्या पद्धतीचं मटण आता खानावळीतही करतात. मोठ्या भांड्यात, काळ्या तिखटात, पातळ रश्श्यात शिजवलेलं. हा रस्सा खोबऱ्या-काजूच्या वाटणानं दाट केलेला नसतो. भाकरी ताटात चुरायची, वर रस्सा ओतायचा, मळून खायचं. रस्सा दाट आणि लालभडक आला तर समजा की ते कंदुरीचं मटण नव्हे, फक्त पाटी तशी आहे.

बाकीच्या जिल्ह्यांचं थोडक्यात. सोलापूर-धुळे हायवेवर बीडच्या अलीकडं मांजरसुंबा हा फाटा आहे, तिथं सगळ्या दिशांच्या गाड्या थांबतात, म्हणून रात्रीही ताजं मिळायची शक्यता जास्त. बीड जिल्ह्यात ऑक्टोबरच्या आसपास असाल तर सीताफळं घ्या. बालाघाटाच्या डोंगरातली ही फळं गोड असतात आणि बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. जालन्याच्या मोसंबीलाही त्याच वर्षी मिळालं, तिकडं मोसंबीचा रस प्या, पण सोलून समोर काढलेला. परभणीत आणि हिंगोलीत मोंढ्याचा नियम लावा, तो तिथं हमखास चालतो. परळी, औंढा नागनाथ, तुळजापूर, माहूर या देवस्थानांच्या गावी शाकाहारी जेवण सहज मिळतं, फक्त नवरात्रात तुळजापूरला, महाशिवरात्रीला परळी-औंढ्याला जेवायला जाऊ नका. गर्दीत कुणालाच नीट रांधता येत नाही.

पंचांगाकडंही लक्ष असू द्या. श्रावणात मटणाच्या बऱ्याच खानावळी बंद असतात, ज्या चालू असतात तिथं गिऱ्हाईक कमी, म्हणजे माल पडून राहण्याची भीती. रमजानच्या महिन्यात संभाजीनगर-नांदेडच्या मुस्लिम मोहल्ल्यांत दिवसा दुकानं बंद, पण संध्याकाळी इफ्तारनंतर ते रस्ते बघण्यासारखे असतात, हलीम तेव्हाच खावी. डिसेंबर ते फेब्रुवारी हुरड्याचे दिवस. शहरातल्या हुरडा पार्टीचे पैसे भरण्यापेक्षा ज्या संस्थेत कामाला जाल तिथल्या एखाद्या शेतकरी सभासदाला विचारा. शेतावर बोलावल्याशिवाय तो राहणार नाही.

उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. पिण्याचं म्हणाल तर रसवंतीवरचा उसाचा रस बर्फाशिवाय मागा, कारण बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते कळत नाही. दुपारच्या जेवणानंतर मठ्ठा घ्या. ज्वारीची आंबील हॉटेलात सहसा मिळत नाही, पण एखाद्या घरी दिली तर नाही म्हणू नका, उन्हात तिच्यासारखं दुसरं काही नाही. बाटलीबंद पाण्याचं सील बघून घ्या. दारूबद्दल विचारलं असेल, तर मी घेत नाही, पण सहकाऱ्यांबरोबर जेवायला जाऊन जे बघते त्यावरून एवढं सांगते की परमिट रूम असलेल्या बऱ्याच ठिकाणी स्वयंपाक तेलकट आणि मसाल्यानं झाकलेला असतो. जेवण आणि पिणं वेगवेगळ्या जागी ठेवलंत तर दोन्ही चांगलं होईल.

तुम्ही बाई आहात की पुरुष, ते प्रश्नावरून कळलं नाही. बाई असाल तर: मोंढ्यातल्या खानावळीत एकटीनं जेवायला बिचकू नका. पहिल्या दिवशी चार माणसं वळून बघतात, मालक बहुधा कोपऱ्यातलं टेबल देतो आणि वाढणारा पोरगा दोनदा जास्त भाजी विचारतो. भाकरी थापणारी बाई असते त्या खानावळीत मला नेहमी निर्धास्त वाटलं आहे. तिच्याशी दोन शब्द बोला, ज्वारी कुठली ते विचारा. पुढच्या वेळी ती तुम्हाला ओळखते. रात्री मात्र हायवेपेक्षा गावातलं, बसस्टँडजवळचं, घरातली माणसं जेवायला येतात असं ठिकाण निवडा.

आणि एक तारीख आताच वहीत लिहून ठेवा. मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे वेळ अमावस्या. आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी लातूर, धाराशिवकडचं गावच्या गाव शेतात जातं, बाजारपेठा ओस पडतात, जेवायला हॉटेल उघडं मिळेल याची खात्री नाही. त्या दिवशी काम ठेवू नका. ऑफिसातलं कुणी ना कुणी शेतावर बोलावेल, ‘येतो’ म्हणा. शेतातल्या कोपीत, म्हणजे कडब्याच्या खोपीत, पांडवांची पूजा झाली की जेवायला बसतात: डाळी आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली आंबील. भज्जी दोनदा मागून घ्या. हॉटेलात ती सहसा मिळत नाही.